खोक्याचा उंबरा

माणूस जनावरापासून वेगळा झाला तो त्याने पहिलं दार बसवलं त्या दिवशी, आणि पुढची सगळी सुधारणा त्या दारातूनच आत आली, असं सुताराचं ठाम मत होतं. आजवर त्याने ते पुष्कळांना ऐकवलं होतं. बायकोला ऐकवलं तेव्हा ती घरामागच्या पत्र्याच्या खोपीत उकिडवी बसून सशांच्या लेंड्या पाटीत भरत होती. त्या खोपीला दार नव्हतं. दाराच्या जागी पोतं टांगलेलं होतं.

"मग या खोपीला कधी काढताय जनावरांतून?" तिने मान वर न करता विचारलं.

"माप घेऊन ठेवलंय," सुतार म्हणाला, आणि पेन्सिल शोधायला घरात गेला. पेन्सिल कानामागेच होती.

बायकोला सगळे धाकटी म्हणत. घरातली धाकटी सून म्हणून धाकटी. केस पिकायला लागले तरी तिला बढती मिळाली नव्हती. सुताराच्या हातची दारं कोणी घेईनासं झालं, लोक कारखान्यातली, टिचकी मारली तर डब्यासारखी वाजणारी दारं आणून बसवू लागले, तेव्हापासून ती थोरल्या दिराच्या कामावर घमेली वाहायला जायची. थोरला घरं बांधायची कामं घ्यायचा. घरात तो तिला 'धाकटे' म्हणायचा आणि कामावर 'ए'. एकदा त्याने घरमालकासमोर तिचं कौतुक केलं होतं, "ही दोन बायांचं काम करते आणि चहा एकीचाच पिते." घरमालक हसला होता. धाकटी घमेलं घेऊन शिडी चढत होती, तिला हसता आलं नाही.

चुंबळ ठेवून ठेवून तिच्या टाळूवरचे केस विरळ झाले होते. मान वळवली की कट्ट वाजायचं.

"बिजागरीला तेल घालायला हवं," सुतार म्हणायचा.

"घाला की. तेवढी तरी सुतारकी करा."

यातून सुटायला तिने ससे आणले. बाजारातला ससेवाला पिल्लं घ्यायला तयार होता, मात्र धडधाकट आणि चालती हवी होती. मादी राखाडी, अंगाने भरलेली. कोणीही पोतं बाजूला करून आत आलं की ती अशी बघायची, की येणाऱ्याला आपल्याला उशीर झाला असं वाटावं. तिचं नाव मास्तरीण पडलं. नर पांढरा, देखणा. ताजा पाला आधी त्याला लागे, पाण्याचं भांडं घासलेलं लागे, आणि कामाची वेळ आली की तो कोपऱ्यात पाय ताणून पडे. त्याचं नाव जावई पडायला वेळ लागला नाही.

पण खोपीवर थोरल्याचाही डोळा होता. त्याने काँक्रीट कालवायचा मिक्सर घेतला होता. सध्या तो कामावर उभा होता, काम संपलं की ठेवायला जागा हवी होती. एकदा धाकटी पिंजरा खरवडत असताना तो टेप घेऊन आला आणि खोप मोजू लागला. टेपचं एक टोक त्याने तिच्याच हातात दिलं.

"धर जरा. भिंतीला टेकव. हां, आणखी खाली."

तिने धरलं. आपलीच जागा जाण्यासाठी आपणच टेप धरतोय हे तिच्या लक्षात आलं, तोवर माप झालं होतं.

"चाकं बसतात," थोरला म्हणाला. "ससे कुठंतरी लावून दे धाकटे. आणि कामावर ये. तुझ्यावाचून अडतंय."

"माझ्यावाचून अडतंय तर मला ए का म्हणता, भाऊजी?"

"नाव घेऊन हाक मारली तर बाकीच्या बायांना वाईट वाटतं," थोरला म्हणाला. त्याला ते खरंच पटलेलं होतं.

भांडण म्हाताऱ्याकडे गेलं. म्हातारा म्हणजे दोघा भावांचा बाप. घर, परस आणि खोप त्याच्याच नावावर. तोही सुतारच, पण हात थरथरायला लागल्यापासून ओसरीवर खुर्ची टाकून बसायचा. त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला कायम चिंधी बांधलेली असे. काय झालं विचारलं तर "दगड लागला" म्हणे. ओसरीपासून शौचालयापर्यंत सारी फरशी होती, तरी त्याला हा दगड दर दोन-चार दिवसांनी भेटत असे.

म्हाताऱ्याने निकाल दिला. "थोरल्याच्या चालू कामावर स्लॅब पडला की मिक्सर घरी येणार. तोवर खोपीत जिती पिल्लं दिसली तर खोप धाकटीची. नाही दिसली तर मिक्सरची. आणि मग तिने कुरकुर न करता कामावर जायचं."

"मामंजी, लिहून घेऊ?" धाकटीने विचारलं.

"माझा शब्द आहे तो."

"म्हणून तर विचारलं."

*

मास्तरीण लागली. दुसऱ्यांच्या घरी आपल्याला काही सिद्ध करायचंय अशा थाटात, जावयाच्या पिंजऱ्यात सोडल्या सोडल्या तिने उरकून घेतलं. धाकटीने पुढचे आठवडे बोटांनी तिचं पोट चाचपलं. एक दिवस तिला आत द्राक्षांच्या घडासारखं काही लागलं, आणि ती घरात येऊन सुताराला म्हणाली, "खोकं करा."

पिल्लं व्हायला मादीला खोकं लागतं. आत वाळलं गवत भरायचं, वर ती स्वतःच्या छातीचे केस उपटून घालते. फळ्यांचं खोकं, कोणीही तासाभरात ठोकून देईल. सुताराला चार दिवस लागले. खूप दिवसांनी कोणीतरी त्याला काहीतरी करायला सांगितलं होतं. त्याने फळ्यांवर रंधा असा मारला की त्यावरून हात फिरवला तर हात घसरत थेट बाहेर यावा. कोपरे एकमेकांत असे गुंतवले की खिळा लागला नाही. आत-बाहेर करायला पुढच्या बाजूला छान गोल माथ्याची वाट कोरली. आणि ती वाट थेट तळाला सपाट नेली.

"बघ," तो म्हणाला, "उंबरा नाही."

उंबऱ्याचं प्रकरण इथे सांगितलं पाहिजे. लोकांनी घरात गुळगुळीत फरशा बसवल्या आणि चौकटीला खाली उंबरा नको म्हणू लागले, तेव्हा सुताराने उंबरे करणं सोडलं. कारण एवढंच होतं. पण साधं कारण साधं ठेवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने त्याचं तत्त्व केलं. उंबरा म्हणजे अडवणूक. उंबरा म्हणजे जुनाट डोकं. म्हाताऱ्याने जन्मभर उंबरेच घातले होते, घराच्या दारातलाही त्याच्याच हातचा. तो म्हणायचा, उंबऱ्यावाचून चौकट म्हणजे खालच्या दातांवाचून तोंड. हे सांगणाऱ्याला खालचे दात नव्हते, हे सुतार दर वेळी दाखवून द्यायचा. या विषयावर बापलेकांचं बोलणं बंद होऊन आता बराच काळ लोटला होता. जेवायला बोलावणं तेवढं चालू होतं.

मास्तरणीने खोकं हुंगलं, एका कोपऱ्याला दात लावून पाहिला आणि आत गेली. बाळंत झाली ती पहाटे कधीतरी. धाकटी पोतं बाजूला करून आत आली तर खोक्यात केसांचा मऊ ढीग होता आणि त्यात बोटाएवढी, उघडी, गुलाबी पिल्लं वळवळत होती. ती ओसरीवर धावत गेली. म्हातारा झोपला होता. "मामंजी, उठा, झाली," ती म्हणाली. म्हातारा म्हणाला, "चहा होऊ दे, मग येतो." चहा झाला, मग चिंधी बदलली, मग दुसऱ्या चहाची चौकशी झाली. मग ऊन झालं आणि "उद्या सकाळी बघू, कुठं पळतायत" असं ठरलं.

दुसऱ्या सकाळी पिल्लं खोक्याबाहेर होती. तारेच्या जाळीवर, इकडे दोन, तिकडे तीन, एक पाण्याच्या भांड्याशी. सगळी गार. उरलेली दोन खोक्याच्या तोंडाशी, गवत मागे आणि डोकी बाहेर. मास्तरीण लांबच्या कोपऱ्यात बसून पाला खात होती.

धाकटीने एकेक उचलून ओंजळीत घेतलं, फुंकर घातली, पदरात गुंडाळून पोटाशी धरलं. बराच वेळ ती तशीच बसली. मग उठली आणि परसात पपईखाली खड्डा केला.

तोवर तिथे कारणं जमली होती.

"मादीच वाईट," सुतार म्हणाला. "आईची माया नाही."

"पाला चुकतोय," थोरला म्हणाला. त्याचा पाल्याशी संबंध कधी आला नव्हता. "जाऊ दे, धाकटे. स्लॅबखालचं सेंट्रिंग सुरू झालंय. सोमवारपासून ये."

म्हातारा चालत चालत खोपीपर्यंत आला, पिंजऱ्यात वाकून खोक्याकडे बघितलं, आणि बऱ्याच काळाने लेकाशी त्या विषयावर बोलला.

"उंबरा कुठाय?"

सुताराचा चेहरा तांबडा झाला. "आबा, इथं जीव गेलेत आणि तुम्हाला उंबरा सुचतोय."

"दूध पाजून मादी टुणकन बाहेर उडी मारते. पोरं आचळाला लटकलेली असतात. उंबरा असता तर आपटून आत पडली असती. तू सपाट रस्ता करून दिलास. गेली घसरत."

"तुम्ही ससे कधी पाळले?"

"दारं केली की."

"ससा म्हणजे दार नव्हे, आबा."

"तुला दारही कळलं नाही," म्हातारा म्हणाला, आणि गेला.

धाकटी फावडं घेऊन उभी होती. म्हाताऱ्याचं म्हणणं तिला पटलं होतं. दोन पिल्लं तोंडाशी सापडली तेव्हाच तिच्या मनात तसं काही आलं होतं. खोक्याला चार बोटं उंचीची एक पट्टी ठोकली की झालं. पट्टी घरात होती, खिळे घरात होते, घरात दोन सुतार होते.

*

मास्तरणीला थोड्या दिवसांनी पुन्हा जावयाकडे नेलं. या खेपेला जावई उठेना. उन्हाळा तापला होता. पत्र्याखाली उभं राहिलं तरी डोक्यात घण पडल्यासारखं व्हायचं. जावई कान पसरून, पोट जमिनीला लावून पडून राही. मास्तरीण त्याच्याभोवती फिरे, त्याला नाकाने ढोसे, आणि मग धाकटीकडे बघे. ते बघणं धाकटीच्या ओळखीचं होतं.

तिने पत्र्यावर पोती अंथरली. आडातून पाणी काढून शिडीवरून वर नेऊन दिवसातून चार-पाच वेळा ती ओली करायची. घमेल्यांपासून सुटायला ससे आणले होते, आता सशांसाठी शिडीवरून बादल्या चढवत होती. सुतार खाली सावलीत उभा राहून शिडी धरायचा.

"खोपीचं दार करायचं पडलंय, पट्टी ठोकायची पडलीय," ती वरून म्हणाली.

"पट्टीचं नाव काढू नकोस. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्वाला केस आहेत का? अंगावर घालायला उपयोगी पडतील पिल्लांना."

"तू आबांच्या बाजूने बोलतेस."

"मी पिल्लांच्या बाजूने बोलते. त्यांना अजून बोलता येत नाही."

पोती ओली राहू लागली, खोप निवली, आणि चारेक आठवड्यांनी कुठे जावई एकदा उठला. त्यानंतर दिवसभर थकवा आल्यासारखा पडून होता. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं.

आता पुन्हा वाट बघणं आलं. तिकडे थोरल्याच्या कामावर सेंट्रिंगच्या फळ्या बसल्या, सळ्या बांधून होत आल्या. इकडे मास्तरणीचं पोट उतरू लागलं. धाकटीने आधी खोक्याच्या तोंडाशी वीट ठेवली. मास्तरणीने ती ढकलून दिली. मग जाड पोत्याची गुंडाळी बांधली. मास्तरणीने ती खाल्ली. मग ती म्हाताऱ्याकडे गेली. त्याच्या खाटेखाली जुन्या मापाचे, कोणी न नेलेले उंबऱ्यांचे तुकडे होते. त्याने कापऱ्या हाताने एक निवडला, त्यावरची धूळ पुसली, आणि नातवंड हाती द्यावं तसा दिला.

"ठोकून घेशील?" त्याने विचारलं.

"सेंट्रिंगच्या फळ्या ठोकल्यात मी, मामंजी."

हे खरं होतं. खिळा कसा मारायचा हे तिला नीट माहीत होतं. म्हणून तिने सुताराची हातोडी न विचारता उचलली, ज्या हातोडीला घरात दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही असा दंडक होता, आणि ती पट्टी खोक्याच्या तोंडाला लावून पहिला खिळा जाणूनबुजून तिरका मारला. दुसरा अर्ध्यात वाकवला. तिसऱ्याचं डोकं चेपून टाकलं आणि शेजारच्या गुळगुळीत फळीवर हातोडीचे दोन चांगले खड्डे पाडले. मग खोकं उचलून ओसरीवर, सुतार जिथे पाणी प्यायला येतो तिथे, ठेवून दिलं.

सुतार आला. पाणी प्यायला. तांब्या खाली ठेवला. खोक्याकडे बघितलं.

"हे कोणी केलं?"

"मी," धाकटी म्हणाली. "चालतंय ना?"

"चालतंय?" त्याने वाकडा खिळा अंगठ्याने दाबून बघितला. तो कळवळला. पिल्लं मेली तेव्हा तो असा झाला नव्हता. "हा खिळा आहे? हे लाकूड आहे की दुश्मन आहे? कोणी बघितलं म्हणजे? माझ्या हातचं खोकं आहे हे."

"कोण बघतंय? मास्तरीण तेवढी."

"तिला काय कळत नाही असं वाटतं तुला?"

तो खिळे उपटू लागला. मग करवत आणली. दुपार संपेपर्यंत पट्टी मापात कापून, कोपऱ्यांत गुंतवून, वरची धार गोल करून बसली होती, आणि खड्डे घासून काढले होते. "तत्त्व म्हणून नाही," त्याने दोनदा सांगितलं. "वाकडं काम घरात राहू देणार नाही, म्हणून." म्हातारा ओसरीवरून बघत होता. बराच वेळ त्याने आवरलं. मग म्हणाला, "धार थोडी जास्त गोल केलीस." आणि सुताराने रंधा आपटून ठेवला.

*

मास्तरीण छातीचे केस उपटायला लागली त्याच सकाळी थोरला दारात आला.

"आज स्लॅब. दोन बाया आल्या नाहीत. धाकटे, चल."

"आज नाही जमणार, भाऊजी. आज बाळंत होईल ती."

"ससा होईल बाळंत, तू नाहीस. स्लॅब अर्ध्यावर थांबत नाही. लोकांच्या डोक्यावर पडेल उद्या." तो थांबला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "एक दिवस. अडलंय गं."

त्याने पहिल्यांदाच अडलंय म्हणताना तिच्याकडे बघितलं होतं. ती गेली. दिवसभर रांगेत उभी राहून घमेलं घ्यायचं, वर द्यायचं, रिकामं खाली घ्यायचं. खाली मिक्सर घरघरत होता. त्याचं ते फिरणारं पोट बघून तिला एवढंच वाटत होतं, हा संध्याकाळी घरी येणार. सिमेंटने बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. टाळूवर चुंबळ सरकून उघड्या कातडीला घमेल्याची कड लागत होती. मास्तरीण आता छाती उघडी करून बसली असेल, हे तिला कामाच्या मधेच आठवत राहिलं.

"ए, हात चालव," थोरला वरून ओरडला.

संध्याकाळी ती पाय ओढत आली तेव्हा मिक्सर ट्रॅक्टरला बांधून तिच्या आधी घरी पोहोचला होता. खोपीपुढे उभा होता, चाकं पोत्याच्या पडद्याला टेकायला आलेली. सुतार त्याच्या आणि पडद्याच्या मधे, अंग चोरून, फळीसारखा उभा होता.

"दुपारपासून इथंच आहे मी," तो म्हणाला. "कोणाला आत जाऊ दिलं नाही. मीही गेलो नाही. मिक्सर यायच्या आधीच झालीत. आवाज येतोय."

तो जेवलेला नव्हता. हे तिला बरं वाटलं, आणि आपण त्याच्यासाठी स्वयंपाक करायचाय हे आठवून तितकंच वाईट वाटलं.

"उद्या पहाटे सगळ्यांनी बघायचं," ती म्हणाली. "पाजताना. मामंजींनीसुद्धा. चहाच्या आधी."

*

पहाटे म्हातारा खरंच चहाच्या आधी निघाला. घराच्या दारातून बाहेर पडताना आतून धप्प असा आवाज आला, मग एक शिवी, मग तो लंगडत आला. "दगड," तो म्हणाला. कोणी काही विचारलं नव्हतं.

चौघेजण मिक्सरला वळसा घालून खोपीत शिरले आणि श्वास रोखून उभे राहिले. मास्तरणीने चौघांना उशिरा आल्याबद्दल एकदा बघून घेतलं. मग खोक्यात गेली. आत केसांचा ढीग हलला, चुळचुळ झाली. तिची उघडी छाती त्यात बुडाली. थोडा वेळ काहीच झालं नाही. थोरल्याने घसा खाकरला, धाकटीने त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि त्याने खाकरणं गिळलं.

मास्तरीण उठली आणि टुणकन बाहेर उडी मारली. पोटाला एक पिल्लू लोंबकळत होतं. ते पट्टीला आपटलं. टप्. आणि आत, केसांत, पडलं. वळवळलं. बाकीच्यांत घुसलं.

बाहेर जाळीवर काही नव्हतं.

धाकटीला ओरडावंसं वाटत होतं, पण जरा हललं तर मान कट्ट वाजेल आणि मास्तरीण बिथरेल या भीतीने ती तशीच उभी राहिली. तिच्या पेरांच्या चिरा दुखत होत्या. मिळाली होती खोप, आणि तिला ते आनंदासारखं न वाटता, घमेलं खाली ठेवल्यावर वाटतं तसं वाटत होतं.

"फिटिंग," सुतार शेवटी म्हणाला. "फिटिंग बघितलं ना? जरासुद्धा हललं नाही."

"धार जास्त गोल आहे," म्हातारा म्हणाला. "तरी चालेल."

"मग मिक्सर कुठं ठेवू?" थोरल्याने विचारलं.

म्हातारा बाहेर येऊन मिक्सरच्या चाकाला टेकला. अंगठ्यावरची चिंधी लाल झाली होती. "खोप धाकटीची," तो म्हणाला. "शब्द दिला होता. चौकटीला उंबरा पाहिजे तो पाहिजेच. मी सांगत होतो. जन्मभर सांगत आलो. आज सशाने सांगितलं, तेव्हा लोकांना पटलं."

सुतार मान खाली घालून उभा राहिला. म्हातारा घराकडे वळला, दोन पावलं लंगडला, थांबला, आणि मागे न बघता म्हणाला,

"हत्यारं काढलीच आहेस, तर घराच्या दारातला तो उंबरा तेवढा उखडून टाक."